ड्राय बाल्कनीतला सुतारकट्टा: वर्षभरात घेतलेली हत्यारं आणि त्यांच्या हक्काच्या जागा

गेल्या वर्षभरात मी हाताची सात हत्यारं घेतली. एक जुना लोखंडी रंधा, खाचा काढायच्या तीन पटाश्या, ओढून कापायची एक करवत, काटकोन बघायचा एक काँबिनेशन गुण्या आणि काम घट्ट धरून ठेवणारा चार इंची शेकंजा. माझी कामाची जागा म्हणजे पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी, साडेचार फूट रुंद आणि आठ फूट लांब. तिच्या एका टोकाला वॉशिंग मशीन आहे, त्यामुळे मला उरते ती पाच फुटांची भिंत आणि तिच्यासमोरचं छोटं टेबल. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून विजेच्या हत्यारांचा आवाज नको, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा नको. हाताची हत्यारं इथे शोभतात.

दोन वर्षांपूर्वी मी नव्या पटाश्या घरी आणून एका प्लास्टिकच्या टबात टाकल्या होत्या. त्याच टबात हातोडी होती, दोन कानशी होत्या, खिळ्यांची पुडी होती. पावसाळा गेला आणि गणपतीचं मखर करायला टब उघडला, तर तिन्ही पटाश्यांच्या धारा दातरलेल्या आणि पाठीवर, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवर, गंजाचे खड्डे पडलेले. धार पुन्हा लावता येते, पण पाठीवर खोल गेलेला खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धार कधीच धरत नाही. एक पटाशी मला टाकूनच द्यावी लागली. तेव्हापासून एक शिस्त पाळते: हत्यार ज्या दिवशी घरी येईल त्या दिवशी ते साफ करायचं, त्याला धार लावायची आणि त्याची जागा करायची. जागा झाल्याशिवाय पहिलं काम करायचं नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

घ्यायचं काय, ते काम ठरवतं

बारा पटाश्यांचा संच घेऊ नका. त्यातल्या तीन वापरात राहतील आणि नऊ गंजतील. त्याऐवजी एक वस्तू मनात धरा. समजा, जेवायला बसायचा साधा पाट करायचा आहे. त्याला फळी कापायला करवत, तिचं तोंड सपाट करायला रंधा, खुणा करायला गुण्या, खालच्या पायपट्ट्यांची खाच काढायला अर्धा इंची पटाशी आणि डिंक वाळेपर्यंत धरून ठेवायला दोन क्लॅम्प लागतात. एवढंच घ्या. पुढच्या कामात जे अडेल ते पुढच्या खेपेला.

पटाश्यांत पाव इंची (६ मिमी), अर्धा इंची (१२ मिमी) आणि एक इंची (२५ मिमी) या तीन मापांवर घरचं बहुतेक सगळं काम निघतं. रंधा एकच घ्यायचा तर चार नंबरचा. तो साधारण साडेनऊ इंच लांब असतो, पातं दोन इंच रुंद, आणि फळी घासण्यापासून कड जुळवण्यापर्यंत सगळीकडे चालतो. लांब फळ्या सरळ करायच्या असतील तेव्हा चौदा इंची पाच नंबरचा विचार करा.

कुठे घ्यायचं? नवं हत्यार हातात धरून बघायचं असेल तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. जुन्यासाठी पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. कानशींच्या बाबतीत तर आपल्याला लांब जायची गरजच नाही: जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत, आणि पकडी-पान्यांसाठी ओळखली जाणारी टपारिया नाशिकची. दुकानात कानस मागताना लाकडाची की लोखंडाची हे सांगा. लाकडाची कानस लोखंडावर फिरवली की तिचे दात बोथटतात.

जुन्या बाजारात रंधा कसा पारखायचा

आज सगळीकडे दिसणारा लोखंडी रंधा मुळात लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेचा आहे. त्याचे हक्क १८६९ मध्ये स्टॅन्लीने विकत घेतले आणि पुढे त्याच आराखड्यावर जगभरच्या कारखान्यांनी रंधे काढले. याचा फायदा असा, की जुन्या रंध्याचा एखादा भाग हरवला असेल तरी दुसऱ्या कंपनीच्या रंध्याचा तो भाग बरेचदा बसतो. पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे, त्यामुळे शक्यतो सगळे भाग असलेलाच घ्यावा.

जाताना पिशवीत बारा इंची स्टीलची पट्टी, एक स्क्रू ड्रायव्हर, फडकं आणि छोटी टॉर्च ठेवा. विक्रेत्याला आधी विचारा, "काका, खोलून बघू का?" मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. माझ्या रंध्याच्या वेळी तर त्यांनीच पुढे होऊन स्क्रू सैल करून दिला आणि म्हणाले, "बघा ताई, नीट बघा, नंतर परत आणू नका."

पहिली गोष्ट बघायची ती भेग. पातं, वरची पकड, सगळं काढून नुसतं लोखंडी अंग हातात घ्या. तोंड म्हणजे तळातली ती फट, जिच्यातून पातं बाहेर येतं. तिच्या दोन्ही बाजूंना, जिथे लोखंड सर्वांत पातळ असतं, तिथे टॉर्च मारा. मग अंग बोटांवर सैल तोलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवा. अखंड बीड (ओतीव लोखंड) खणखणतं, भेग गेलेलं बद्द वाजतं. माठ घेताना आपण करतो तेच. भेग असेल तर कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवा, बिडाला जोड देणं घरी होत नाही.

दुसरी गोष्ट तळ. स्टीलची पट्टी उभी धरून तळावर लांबीच्या दिशेने ठेवा आणि उजेडाकडे बघा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची कड आणि मागचं टोक, या तीन ठिकाणी पट्टी टेकली पाहिजे. मधे थोडा उजेड दिसला तर चालेल. पण तोंडाच्या पुढची कडच वर उचललेली असेल, तर ती खाली आणायला सगळा तळ घासावा लागतो आणि त्यात तास जातात.

तिसरी गोष्ट पातं. त्यातल्या लांब खाचेपासून धारेपर्यंत किती पोलाद शिल्लक आहे ते बघा. बोटभर असेल तर वर्षानुवर्षं पुरेल. पातं पालथं करून पाठ बघा. वरवरचा लाल गंज म्हणजे काही नाही, पण धारेजवळ नखाला लागणारे खड्डे असतील तर नवं पातं घ्यावं लागेल हे धरून भाव करा.

मूठ तडकलेली असेल तर ते कारण सांगून भाव कमी करून घ्या. मूठ बदलता येते, मी सागवानाच्या तुकड्यातून स्वतः केली. पातं खाली-वर करायचं पितळेचं चाक फिरत नसेल तरी घाबरू नका, तेल टाकून रात्रभर ठेवलं की ते सुटतं. मला हा रंधा साडेचारशेला पडला, त्यातला मोठा वाटा बहुधा त्या तडकलेल्या मुठीचा.

नव्या हत्यारांची दुकानातली परीक्षा

गुण्या घेताना कागद, पेन्सिल आणि एक सरळ कड लागते. गुण्याचा दांडा कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फाक दिसते तिच्या निम्मी त्याची चूक असते. ही परीक्षा काउंटरवरच करा. मी तीन गुणे बाजूला ठेवून चौथा घेतला आणि दुकानदारांनी तेवढा धीर धरला.

पटाशी डोळ्यासमोर धरून मुठीपासून धारेकडे बघा. पातं आणि मूठ एका रेषेत हवीत. मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकायचं असेल तर मुठीच्या टोकाला धातूची कडी असलेली घ्या, नाहीतर लाकडी मूठ फाटते.

ओढून कापायची जपानी पद्धतीची करवत हे माझ्या वर्षातलं सर्वांत सुखाचं हत्यार. आपली नेहमीची करवत ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं वाकू नये इतकं जाड ठेवावं लागतं. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, त्यामुळे ते पातळ चालतं आणि चीरही बारीक पडते. दुधारी करवतीला एका बाजूला लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापायचे मोठे दात असतात, दुसऱ्या बाजूला आडवं कापायचे बारीक. दातांची टोकं निळसर दिसली तर ती उष्णतेने कडक केलेली आहेत असं समजा. ती कानशीने घासता येत नाहीत, बोथट झाली की पातं बदलायचं. म्हणून घेतानाच बदली पातं मिळतं का हे विचारा.

शेकंज्याचे जबडे कागदाची पट्टी मधे धरून मिटवा. चारही कोपऱ्यांत कागद घट्ट पकडला गेला पाहिजे.

त्याच संध्याकाळी: गंज काढणं

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक टप्प्याचा. पातं आणि वरची लोखंडी टोपी कुठल्या बाजूला तोंड करून होती, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

चिकट काळा थर टर्पेंटाइन आणि जुन्या टूथब्रशने जातो. गंजासाठी मी सायट्रिक ॲसिड वापरते, तेच जे रसगुल्ल्यांसाठी दूध फाडायला वापरतात. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फक्त लोखंडी सुटे भाग बुडवायचे, पितळेचे आणि लाकडाचे बाहेर. दर तासाला काढून नायलॉनच्या घासणीने घासायचे. दोन-चार तासांत काम होतं. रात्रभर विसरलात तर आम्ल चांगलं लोखंडही खाऊ लागतं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. याच्या आसपास ब्लीच अजिबात आणू नका, आम्लाशी मिसळून विषारी वायू सुटतो. बाल्कनीत वॉशिंग मशीन असतं, तिथेच ब्लीचची बाटलीही असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बाहेर काढलेला भाग वाहत्या पाण्यात धुवा, मग चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या लिटरभर पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा. आणि लगेच पुसा. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण ओलं उघडं लोखंड बघता बघता पिवळं पडतं. मी हेअर ड्रायरने गरम करते आणि गरम असतानाच शिलाई मशीनचं तेल लावते. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका. खाद्यतेलं हळूहळू चिकट होऊन त्यावर भुसा बसतो, आणि खोबरेल तर २४ अंशांखाली थिजतं. हत्याराला खनिज तेलच हवं.

रंध्याच्या अंगावर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावा, ओला करून घासा, आणि तो चिखल कागदात गुंडाळून टाका.

तळ सपाट करायला मार्बलवाल्याकडून ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला फूट-दीड फुटाचा तुकडा आणा. ओट्याच्या कापातून उरलेले असे तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. स्टीलच्या पट्टीने त्याची पातळी तपासा, वर ८० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा. रंध्याच्या तळावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि पातं रंध्यात पूर्ण कसलेलं, पण तळाच्या आत ओढलेलं ठेवून घासा. पातं कसलं की अंगावर ताण येतो आणि तळ किंचित बदलतो, म्हणून ते काढून घासलं तर चूक राहते. तीन महत्त्वाच्या ठिकाणच्या रेघा पुसल्या गेल्या की पुरे, बाकीच्यांसाठी जीव काढू नका. मग १२० आणि २२० नंबर. शेवटी तळावर साधी मेणबत्ती दोनदा फिरवा, रंधा लोण्यासारखा सरकतो.

धार

नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, फक्त कोन काढलेला असतो. आधी पाठ: पूर्ण नको, धारेपासूनचा इंचभर भाग धार लावायच्या दगडावर सपाट टेकवून घासा, तो आरशासारखा होईपर्यंत. हे काम एकदाच करायचं असतं आणि बहुतेक लोक इथेच कंटाळतात. कंटाळू नका, धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. एक खडबडीत असेल तर दुसरा कितीही घासून उपयोग नाही.

मुख्य उतार २५ अंश आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. हात बसेपर्यंत धार लावायची चाकवाली पकड वापरा. पातं पकडीच्या बाहेर किती काढायचं यावर कोन ठरतो. नेहमीच्या साध्या पकडीत पटाशी ४० मिमी बाहेर काढली तर २५ अंश, ३० मिमी काढली तर ३० अंश. रंध्याच्या पात्याला हेच आकडे ५० आणि ३८ मिमी. दर वेळी पट्टी लावून मोजायचं नसेल तर एका फळीवर चार ठोकळे चिकटवून ठेवा: पकड कडेला टेकवायची, पातं ठोकळ्याला, कोन तयार. माझ्या दृष्टीने वर्षभरातली सर्वांत उपयोगी वस्तू हीच, आणि ती फुकट झाली.

आधी १००० नंबरच्या दगडावर घासा. पाठीवर बोट आडवं फिरवल्यावर पूर्ण रुंदीत बारीक उलटी कड हाताला लागली, की ६००० वर जा, आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून पटाशी मागे ओढत दहा-बारा वेळा फिरवा. धार तपासायला हातावरचे केस कापायची गरज नाही. पॅकिंगच्या खोक्याचा पाइनचा तुकडा घ्या आणि रेषांच्या आडव्या टोकावरून पापुद्रा काढा. मऊ लाकूड न चिरडता गुळगुळीत कापलं गेलं तर धार खरी. सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, तेव्हा साग कापताना मधेच दोन मिनिटं थांबून चामड्यावर पातं फिरवलेलं बरं.

भिंत

आता जागा. आधी भिंत कोरडी आहे का ते बघा. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं किंवा भिंत गडद दिसली तर ती ओल धरते. माझी बाहेरची भिंत नापास झाली, आतली, स्वयंपाकघराला लागून असलेली, पास झाली.

दुसरी तपासणी पाइप आणि वायरींची. वॉशिंग मशीनच्या नळाचा पाइप भिंतीच्या आतून जातो. नळाच्या आणि स्विचच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. सोसायटीकडे किंवा बिल्डरकडे नकाशा असेल तर मागून घ्या.

तिसरी, भिंत कशाची आहे. विटेला नायलॉनचा साधा प्लग चालतो. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत तो काही दिवसांनी सैल होऊन बाहेर येतो, तिथे त्या ब्लॉकसाठीच मिळणारे लांब प्लग घ्या.

लटकवण्याची पद्धत मी फ्रेंच क्लीटची घेतली. भोकांच्या तयार पत्र्याचा विचार केला होता, पण त्यात आकडा त्या भोकातच बसतो आणि हत्यार उचलताना अर्ध्या वेळा आकडाही हातात येतो. क्लीटची कल्पना साधी आहे. एक पट्टी ४५ अंशांत तिरकी कापून भिंतीला लावायची, तिरकी कड वर आणि उतार भिंतीकडे. त्यामुळे पट्टी आणि भिंत यांच्यामधे व्हीच्या आकाराची खोबण तयार होते. हत्याराच्या खोक्याच्या पाठीला तशीच पट्टी उलटी लावायची. ती त्या खोबणीत अडकते आणि वजन जितकं जास्त तितकी घट्ट बसते. जागा बदलायची तर उचला आणि दुसरीकडे अडकवा, नवं भोक नाही.

माझं माप देते. १८ मिमीचा प्लायवूड, पाच फूट बाय दीड फूट. बाल्कनीत पाणी असतं, म्हणून आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लायही चालला असता, एमआर (फक्त दमटपणाला टिकणारा) मात्र नको. त्यातून सहा-सहा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टी मधोमध ४५ अंशांत चिरली, म्हणजे सहा पट्ट्या. पाच भिंतीवर, सहावीचे तुकडे करून खोक्यांच्या पाठीला. पाच फूट लांब तिरकी चीर हाताने सरळ काढणं अवघड आहे, ते मी जवळच्या फर्निचरच्या कारखान्यात टेबल सॉवर करून आणलं. दहा मिनिटांचं काम होतं. पट्टीची अणकुचीदार कड रंध्याने ३ मिमी उडवा. ती टोचते, मोडते, आणि तिथे भुसा अडकून खोकं नीट बसत नाही.

प्रत्येक पट्टीला चार स्क्रू: टोकापासून ६ इंचांवर पहिला, मग दर १६ इंचांनी. ६, २२, ३८, ५४. वरची पट्टी लेव्हल लावून बसवा, बाकीच्या खाली आठ-आठ इंचांवर एकसारखे दोन ठोकळे मधे धरून. भोक विटेत घ्या, दोन विटांच्या मधल्या दर्जात नको. पट्टीच्या मागे प्रत्येक स्क्रूपाशी एक जाड वॉशर घातला, म्हणजे भिंत आणि लाकूड यांच्यामधून हवा फिरते.

कुणाला कुठे

खोकी करण्याआधी सगळी हत्यारं जमिनीवर पुठ्ठ्यावर मांडा. दोन हत्यारांमधे मूठ धरायला चार सेंटिमीटर तरी जागा सोडा. मग टेबलाशी उभं राहून बघा: खांदा न उचलता हात जातो तिथे रोजची हत्यारं, त्याच्या वर आठवड्याची, अगदी वर किंवा टेबलाखाली वर्षातून दोनदा लागणारी.

पटाश्यांसाठी चुंबकाची पट्टी दिसायला सुंदर असते, पण मी ती लावली नाही. पोलाद हळूहळू चुंबकीय होतं आणि दगडावरचा लोखंडी कस धारेला चिकटतो. मी सागवानाच्या पट्टीत प्रत्येकीच्या रुंदीपेक्षा ३ मिमी मोठी खाच काढली आणि पुढे ॲक्रिलिकची पट्टी लावली. धार दिसते, पण हात चुकून लागत नाही. घरात मुलं असतील तर ही पट्टी ऐच्छिक नाही, आणि हा कप्पा सर्वांत वरच्या ओळीत ठेवा.

रंधा कुशीवर आडवा ठेवावा की तळावर, यावर सुतारांत दोन मतं आहेत. मी तळावरच ठेवते, पण पुढच्या टोकाखाली ३ मिमीची पट्टी आहे, त्यामुळे पातं कशालाच टेकत नाही. करवतीच्या दातांवर वायरिंगची प्लास्टिकची नळी लांबीत चिरून बसवली आहे, मापाने कापून. गुण्याला एकट्याचा खिळा, कारण त्याच्यावर हातोडी पडली की खरेपणा गेला. कानशी एकीवर एक कधीही रचू नका, प्रत्येकीला वेगळी खाच हवी. क्लॅम्प टेबलाच्या खालच्या आडव्या दांड्याला नुसते कसून ठेवलेत.

स्क्रूंसाठी मला सुचलेली सर्वांत चांगली गोष्ट स्वयंपाकघरातली आहे: मिसळणाचा डबा. सात वाट्या, वरून घट्ट झाकण. कामाला जाताना अख्खा डबा उचलायचा. पाऊण इंची, इंची, दीड इंची, वॉशर, प्लग, चुका आणि एक वाटी सुट्या वस्तूंची. जुना स्टीलचा घेतला तर झाकणावर लेबल लावा, नाहीतर कुणीतरी त्यात हळद शोधेल.

घराबाहेर न्यायच्या हत्यारांसाठी जुन्या जीन्सची गुंडाळी शिवली आहे. ती फक्त प्रवासासाठी. कापड आणि चामडं ओल धरतं, त्यात महिनाभर ठेवलेली पटाशी गंजते.

आणि एक धोक्याची गोष्ट. मुठींना जवसाचं तेल लावत असाल तर ते पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती साठून आपोआप आग लागू शकते. फडकं पाण्यात बुडवून मग टाका, किंवा दोरीवर पूर्ण उलगडून वाळवा.

पावसाळा ते खंडेनवमी

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या धारांवर तेलाचा पातळ हात फिरवते आणि रंधा व पटाश्यांचे कप्पे भिंतीवरून उचलून घरातल्या झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवते. हाच क्लीटचा खरा फायदा, कप्पा जसाच्या तसा उचलला जातो. पेटीत सिलिका जेलची पुडी असते. तिचा रंग बदलला की नवी घेते, स्वयंपाकाच्या ओव्हनमधे ती तापवत नाही, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं. कोकणात राहणाऱ्यांनी दर पंधरवड्याला पेटी उघडून बघावी, पुण्यात महिन्याला पुरतं. हत्यार वापरलं की घामाचे हात लागलेली जागा पुसायची, कारण घामातलं मीठ पावसाच्या हवेपेक्षा वेगाने गंज आणतं. बोटांचे ठसे लोखंडावर जसेच्या तसे उमटलेले मी पाहिले आहेत.

पाऊस संपता संपता अश्विनातली खंडेनवमी येते. आमच्या गावच्या सुतारांकडे त्या दिवशी वाकस (लाकूड तासायचं हत्यार), करवत, रंधा धुऊन-पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत. मी आदल्या दिवशीपासून लागते. पेटी उघडायची, प्रत्येक पातं उजेडात बघायचं, डाग दिसला तर तेल आणि बारीक स्टील वूलने काढायचा, सैल मुठी कसायच्या, दगड ग्रॅनाइटवर सपाट करून घ्यायचा. भिंतीवरचे स्क्रू एकदा हाताने दाबून बघायचे. मग कप्पे परत अडकवायचे. यंदा तिसऱ्या ओळीत उजवीकडे नऊ इंच जागा मोकळी ठेवली आहे, तिथे गोलाई काढायचा छोटा रंधा यायचा आहे. त्याचं खोकं मी आधीच करून ठेवलं आहे.